चौकाच्या पोटातला आवाज

"शांतता! कोणी श्वाससुद्धा घ्यायचा नाही! सोमनाथ, टाक उडी!"

रुद्रचा हात खाली आला. गच्चीवरच्या निळ्या पिंपाच्या काठावर कसाबसा तोल सांभाळत बसलेल्या सोमनाथने नाक दाबलं, डोळे मिटले आणि स्वतःला पिंपात सोडून दिलं. डुबुक! निम्मं पाणी रुद्रच्या अंगावर आलं.

"कट! झकास! एकदम खरं वाटलं ना, तेजू?" चष्म्याच्या काचा पुसत रुद्रने विचारलं.

तेजस्विनीने कानांवरचा हेडफोन गळ्यात ओढला. रुद्र नाराज होणार हे तिला ठाऊक होतं, पण खोटं बोलणं तिला जमत नसे.

"नाही रे. बादलीत साबण पडल्यासारखं वाटतंय."

"साबण? मी साबण?" पिंपातून सोमनाथचं डोकं वर आलं. "पहाटेपास्नं उड्या मारून बोटं सुरकुतली माझी! आता नाय हां! मामीला सांगीन!"

सोमनाथ हा रुद्रचा आतेभाऊ. रंगपंचमीला आणि सुट्टी लागली की सायखेड्याहून नाशिकला मामाकडे यायचा. नदीकाठचा पोरगा, पाण्यात मासा, म्हणून फिल्मचा नायक तोच झाला होता. रुद्र दिग्दर्शक, कारण मोबाइल त्याच्या बाबांचा होता आणि आरडाओरडा करायला त्याला मनापासून आवडायचं. तेजस्विनीकडे आवाजाचं खातं होतं. तिच्या मामाने तिला एक छोटा रेकॉर्डर आणि लांब वायरचा माइक दिला होता, आणि तिचे कान तर सगळ्या दिवटे चौकात प्रसिद्ध होते. तसे ते थोडे बदनामही होते, पण ते पुढे येईलच.

फिल्मचं नाव होतं ‘उडी’. रहाडीत उडी मारायला घाबरणाऱ्या मुलाची गोष्ट. रहाड म्हणजे काय, ते नाशिकच्या पोरांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगायला हवं. जुन्या नाशकात काही चौकांच्या खाली दगडी बांधणीचे खोल हौद आहेत. वर्षातून एकदा, रंगपंचमीला, ते उघडतात. फुलांचा रंग उकळून त्यात ओततात आणि मग माणसं धबाधब उड्या मारतात. दुसरे दिवशी जाड जाड सागवानी तुळया आडव्या टाकून, वर फळ्या आणि माती पसरून रहाड बंद! मग वर्षभर त्याच्यावरून माणसं चालतात, सायकली फिरतात, पोरं क्रिकेट खेळतात आणि पायाखाली हौद आहे हे सगळेच विसरून जातात.

रंगपंचमीला रुद्रने सोमनाथची रहाडीतली खरीखुरी उडी टिपली होती. चित्र सुरेख आलं होतं. आवाज मात्र पार वाया गेला होता. सगळ्यावर डीजेचं गाणं, आणि ऐन उडीच्या वेळी कुणीतरी काका बेंबीच्या देठापासून ओरडत होते, "अरे, माझी चप्पल!"

आणि फिल्म तर आजच संध्याकाळी चौकात दाखवायची होती! सुट्टीतल्या छंदवर्गाचा समारोप होता. आधी लहान मुलांचं लेझीम, मग अंधार पडला की पडद्यावर ‘उडी’.

"जाऊ दे साबण," रुद्र म्हणाला. "मी म्युझिक टाकतो ना! ऐक हे." त्याने मोबाइलवर बोट ठेवलं. ढँट्टढँऽऽ! ढँट्टढँऽऽ! कठड्यावरची कबुतरं फडफडत उडाली.

"पोरगं हौदात उडी मारतंय, का चंद्रावर चाललंय?" तेजस्विनी म्हणाली.

"लोकांना असंच आवडतं! आवाज मोठा नसला तर माणसं जांभया देतील."

"अरे, पण त्याला भीती वाटतेय. भीती वाटते तेव्हा आपल्याला काय ऐकू येतं? आपला श्वास. लांबून येणारं लेझीम. पायाखालची धमधम. तेवढंच ठेवू या ना!"

"श्वास?" रुद्रने कपाळावर हात मारला. "अख्खा चौक खुर्च्या टाकून बसणार, आणि मी त्यांना याचा श्वास ऐकवू?"

"माझ्या श्वासाला काय झालं?" पिंपातून आवाज आला.

शेवटी असं ठरलं, की तेजस्विनीने लेझमीचा एक नवा, चांगला आवाज टिपून आणायचा. तो फक्कड निघाला, तर रुद्र ढँट्टढँ थोडं हळू करणार. ‘थोडं’ या शब्दावर त्याने दोनदा जोर दिला.

चौकात ऊन चढायच्या आत शेवटची तालीम चालू होती. निवृत्त पीटीच्या शिक्षिका वत्सलाबाई गळ्यात शिट्टी अडकवून उभ्या होत्या. त्यांची शिस्त अशी कडक, की आखूड शिट्टी वाजली की पावलं सुरू, आणि लांब शिट्टी वाजली की हातातलं काम टाकून भिंतीकडे पळायचं आणि पाठ टेकून रांगेत उभं राहायचं. बाई शिकवत होत्या तेव्हाच्या मुलांची आता टकलं झाली होती, पण लांब शिट्टी ऐकली की तीही दचकून भिंत शोधायची!

"पाय जोरात! चौक दणाणला पाहिजे!" बाई ओरडत होत्या. घोळक्याच्या अगदी मधोमध तेजस्विनीची धाकटी बहीण सायली जीव तोडून नाचत होती. सात वर्षांची, पुढचे दोन दात पडलेले, आणि लेझीम तिच्याहून थोडीच लहान.

तेजस्विनीच्या मनात एक कल्पना आली. माइक हवेत धरण्याऐवजी तिने तो जमिनीवर, फरशीच्या फटीत पालथा ठेवला आणि हेडफोन कानांवर चढवला.

छन्... धम. छन्... धम.

वा! लेझमीची छनछन वरून आणि धम खालून, जणू चौकच आपल्या पोटातून ताल देत होता. तिला हसू आलं. हेच हवं होतं! आणि मग तिचं हसू मावळलं.

छन्... धम... कर्र. छन्... धम... कर्र... सर्रऽऽ.

तिने हेडफोन दोन्ही हातांनी दाबून धरला. प्रत्येक ‘धम’नंतर काहीतरी बारीक कुरकुरत होतं, आणि त्यानंतर चाळणीतून रवा पडावा तसं काहीतरी सरसर खाली सांडत होतं. तेवढ्यात बाईंनी लांब शिट्टी फुंकली. तिचे कान बधिर झाले. पोरं भिंतीकडे पळाली, आणि रिकाम्या चौकातही ते ‘सर्रऽऽ’ थोडा वेळ चालूच राहिलं.

तेजस्विनीने घाईघाईने माइकची वायर गुंडाळली.

लिंबाच्या झाडाखाली चौकातली ज्येष्ठ मंडळी नेहमीप्रमाणे लाकडी बैठकीवर बसली होती. मधोमध मंडळाचे अध्यक्ष पुंजाआबा, पांढराशुभ्र सदरा आणि पांढराशुभ्र पायजमा. पायजमा अर्थात समोरूनच शुभ्र. मागे रोज कसला तरी पिवळा डाग पडायचा आणि आजी रोज तो साबण लावून घासताना आबांच्या भेळ खाण्याचा उद्धार करायच्या.

"आबा, एक सांगू का?" तेजस्विनीने चाचरत सुरुवात केली. "रहाडीतून आवाज येतोय. काहीतरी मोडतंय आणि माती खाली पडतेय. संध्याकाळचं लेझीम दुसरीकडे घेता येईल?"

आबांनी तिच्याकडे पाहिलं, मग शेजाऱ्याकडे पाहिलं, आणि सगळी बैठक खो खो हसली.

"आली का आपली गॅसवाली!"

तेच ते बदनाम प्रकरण. गेल्या दिवाळीत तेजस्विनीला भिंतीतून ‘सूंऽऽ’ असा आवाज आला होता. गॅस गळतोय म्हणून तिने अख्खी इमारत खाली उतरवली होती. फराळाची ताटं हातात घेऊन माणसं रस्त्यावर उभी! आणि आवाज निघाला वरच्या मजल्यावरच्या माशांच्या टाकीचा. तेव्हापासून तिने "ऐकू येतंय" म्हटलं, की लोक हसायलाच लागत.

"अगं बाळ, रहाड आहे ती. पोकळ आहे, आवाज येणारच!" आबा म्हणाले. "माझ्या देखरेखीखाली बंद केलीय. हत्ती नाचवलास तरी हलायची नाही. पाहुणे यायचेत, मांडव व्हायचाय. जा, सरबत पी."

"पण आबा, एकदा फक्त हेडफोन—"

"जा म्हटलं ना!"

तिचे डोळे भरून आले. रडू आलं ते अपमानाचं नव्हतं. आपलं खरं असेल तर काय होईल, या विचाराने तिला रडू येत होतं. आणि आपलं याही वेळी खोटंच निघालं तर? मग जन्मभर गॅसवाली!

रुद्रच्या घरी पंख्याखाली तिघे लॅपटॉपभोवती बसले. तिने सगळं सांगितलं. रुद्रने नेहमीसारखी थट्टा केली नाही, कारण तिचे डोळे अजून ओले होते.

"छंदवर्गाच्या पहिल्या दिवशी मी लेझीम टिपलं होतं, तेव्हा माइक हातातून फरशीवर पडला होता. ते लाव," ती म्हणाली.

"ते तर फिल्ममध्येच आहे. थांब." ढँट्टढँऽऽ!

"म्युझिक बंद कर!"

"अगं, हळूच तर—"

"रुद्र, बंद कर! त्याच्यामुळेच तर काही ऐकू येत नाहीये!"

रुद्रने म्युझिक बंद केलं. खोलीत फक्त लेझीम उरली. छन्... धम. छन्... धम. पुढे काही नाही. कुरकुर नाही, सरसर नाही. मग तिने आजचा आवाज लावला. छन्... धम... कर्र... सर्रऽऽ.

रुद्रने तेवढाच तुकडा पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"आमच्या गोठ्यातली फळी मोडली तवा आधी असंच वाजत होतं," सोमनाथ हळूच म्हणाला. "आम्ही म्हणलं उंदीर हाय. तिसऱ्या दिवशी म्हैस खाली बसली ती फळी घेऊनच."

"म्हशीला काही झालं?" तेजस्विनीने घाबरून विचारलं.

"म्हशीला नाय. पण ती काय नाचत नव्हती."

आबांनी तर रहाड नीट बंद केली म्हणून छातीठोक सांगितलं होतं. मग आतलं मोडतंय काय? रुद्र म्हणाला, "मी रहाड बंद करतानाचंही शूटिंग केलं होतं, शेवटच्या दृश्यासाठी. पण वापरलं नाही. शोधतो." पण मोबाइलमध्ये त्याने जे भरून ठेवलं होतं त्यात एक दृश्य शोधणं म्हणजे कांद्याच्या चाळीत लसूण शोधण्यासारखं होतं. सगळे व्हिडिओ, लग्नातले, क्रिकेटचे, मांजराचे, एकाच ढिगात! तेजस्विनीला तिथे बसवेना. ती घराकडे धावली.

घरी आई सायलीला फेटा बांधत होती.

"सायली, तू आज नको ना नाचूस. मी तुला कुल्फी देते. दोन देते!"

"मी नाही थांबणार!" सायलीने पाय आपटला. "बाईंनी मला अगदी मधे उभं केलंय, ताई! अगदी मधे!"

"तेजू, तिला कशाला रडवतेस?" आई म्हणाली. "आणि तुझा चेहरा असा का झालाय? ऊन लागलं का?"

तेजस्विनीने सांगितलं. आईने तिच्या कपाळावर हात ठेवून ताप आहे का ते पाहिलं. दिवाळीत आईही पणती हातात घेऊन रस्त्यावर उभी होती!

सायलीला खोलीत कोंडून कडी लावावी असंही एकदा तेजस्विनीच्या मनात आलं. कडी लावणं सोपं होतं. पण सायली एकटी नव्हती. तिच्यासोबत सगळ्या गल्लीतली पोरं तिथे नाचणार होती, आणि त्यांच्या ताया-दादांना काहीच ऐकू आलेलं नव्हतं. ऐकू तिलाच आलं होतं. तिने सायलीचा फेटा सरळ केला आणि ती पुन्हा जिना उतरली.

जिन्यातच रुद्र आणि सोमनाथ धापा टाकत वर येत होते. रुद्रच्या हातात उघडा लॅपटॉप होता.

"सापडलं! तेजू, हे बघ!"

पडद्यावर रंगपंचमीचा दुसरा दिवस होता. मंडळाची पोरं एकेक तुळई उचलून रहाडीवर टाकत होती. सगळ्या रंगाने पिवळ्याधमक झाल्या होत्या. त्यात एक सगळ्यांत जाड, टोकाला लोखंडी पट्टी ठोकलेली. ती ओली आहे म्हणून पोरांनी लिंबाखाली वाळत टाकली. "उद्या टाकू ही!" असं कुणीतरी म्हणालंसुद्धा. रात्री कुणी आत पडू नये म्हणून मधल्या जागेवर एक प्लायवुडचा तुकडा टाकला. आणि कॅमेरा वळला तर त्या जाड तुळईवर पुंजाआबा मांडी ठोकून भेळ खात बसलेले!

"या भेळेमुळेच मी हे दृश्य कापलं होतं," रुद्र म्हणाला. "शेवटचं गंभीर दृश्य, आणि मागे आबा कांदा मागतायत!"

"मग दुसऱ्या दिवशी ती तुळई कुठे गेली?" सोमनाथने विचारलं.

तेजस्विनी पायरीवरच थांबली. तिला आठवलं, दुसऱ्या दिवशी ती शाळेत निघाली तेव्हा मातीचा ट्रॅक्टर भल्या सकाळीच येऊन माती ओतून गेला होता. चौकात कुणी नव्हतंच त्याला थांबवायला. आणि तुळई...

"अरे देवा! आबांच्या पायजम्याचा पिवळा डाग!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्याच वेळी चौकातून स्पीकरवरचं गाणं दणदणायला लागलं. कार्यक्रम सुरू होत होता!

ते धावले. चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. जनरेटर धडधडत होता, गाणं कानठळ्या बसवत होतं, पाहुण्यांना गुलाब दिले जात होते. तेजस्विनी आबांपर्यंत पोचली आणि ओरडून सांगू लागली, पण गाण्यापुढे तिचा आवाज तिलाच ऐकू येईना. आबांनी हसून हाताने ‘नंतर, नंतर’ केलं. वत्सलाबाईंनी तर तिच्याकडे पाहिलंही नाही. त्यांची आखूड शिट्टी वाजली. फेटे बांधलेली सगळी पोरं टणाटण उड्या मारत चौकाच्या मध्यावर येऊ लागली. मधोमध सायली, पडलेल्या दातांच्या फटीतून हसत!

आता सांगून उपयोग नव्हता. आता ऐकवायलाच हवं होतं.

"रुद्र, साउंडवाल्याच्या टेबलावर जा! आपली फिल्म तिथूनच लावायची आहे ना? गाणं बंद कर आणि सकाळच्या रेकॉर्डिंगमधला शेवट लाव!"

"शेवट? शेवटी तर बाईंची लांब शिट्टी—" रुद्रचे डोळे चमकले. "तेजू, तू भारी आहेस!"

तो खुर्च्यांखालून सरपटत टेबलापर्यंत गेला. "काका, फिल्मची टेस्टिंग!" असं साउंडवाल्याला सांगून त्याने वायर खुपसली आणि बटण दाबलं.

फुर्रर्रर्रऽऽऽऽ!

चौकातल्या दोन्ही अजस्र स्पीकरमधून लांब शिट्टी घुमली. लेझीम खाली पडल्या, पोरं वाऱ्यासारखी पळाली आणि भिंतीला पाठ टेकून रांगेत उभी राहिली. त्यांच्यासोबत दोन टकले काका आणि एक पाहुणेही जाऊन भिंतीला टेकले! चौकाचा मध्य एका क्षणात रिकामा झाला.

"कोणी वाजवली?" वत्सलाबाई कडाडल्या. शिट्टी तर त्यांच्या हातात होती.

"मी!" तेजस्विनी पुढे आली. "बाई, मला नंतर हवी ती शिक्षा करा. पण आधी एकदाच ऐका. फक्त एकदा!"

"काय चाललंय हे?" आबा गरजले. "पाहुण्यांसमोर तमाशा! गॅसवाली, तू—"

"आबा, थांबा," बाई शांतपणे म्हणाल्या. शिट्टीवाल्या बाई शांतपणे बोलल्या की आबासुद्धा गप्प बसत, कारण तेही एकेकाळी बाईंच्याच शाळेत कारकून होते. "बोल मुली."

तेजस्विनीने लांब वायरचा माइक रहाडीच्या कडेला फरशीच्या फटीत पालथा ठेवला. रुद्रने तो रेकॉर्डरमधूनच स्पीकरला जोडला. सोमनाथने मांडवाच्या खांबापाशी ठेवलेलं वाळूचं छोटं पोतं उचललं, झोका दिला आणि कडेवरूनच ते चौकाच्या मध्यावर भिरकावलं.

धम्म!... कर्रर्रऽऽ... सर्रऽऽ... सर्रऽऽ... टुप्. टुप्. टुप्.

स्पीकरमधून माती सांडत होती आणि खाली, खोल कुठेतरी, उरलेल्या पाण्यात खडे पडत होते. साऱ्या चौकाला आपल्या पायाखालचा हौद आठवला. एका बाईने आपल्या पोराला कडेवर उचलून घेतलं.

"हे... हे कसं शक्य आहे?" आबांचा आवाज बसला. "तुळया तर मी समोर बसून टाकून घेतल्या!"

"समोर नाही, आबा. वर बसून!" तेजस्विनी म्हणाली. तिला आता भीती वाटेनाशी झाली होती. "मधली तुळई टाकायची राहिली. तिच्यावर तुम्ही बसलाय!"

आबा गोंधळून उठले. वळून त्यांनी बैठकीकडे पाहिलं. टोकाला लोखंडी पट्टी. फटीफटीत मुरलेला रंगपंचमीचा पिवळा रंग. आणि मागून आजींचा खणखणीत आवाज आला, "म्हणजे भेळेचा नव्हता तो डाग! अहो, साबणाच्या वड्या संपल्या माझ्या!"

कुणालाच नीट हसू आलं नाही. आबांचा चेहरा पांढराफटक पडला होता. रांगेत उभ्या पोरांकडे, त्यांच्या फेट्यांकडे ते एकटक बघत राहिले.

मग मात्र चौक कामाला लागला. दोरी बांधली, माणसं मागे हटवली, जनरेटरची गाडी गल्लीबाहेर काढली. दोघा तरुणांनी कंबरेला दोर बांधून कडेच्या तुळईवर उभं राहत फावड्याने मधली माती ओढायला घेतली. चार फावडी ओढली असतील नसतील, तोच फुगलेलं, वाकलेलं प्लायवुड करकरत मधोमध मोडलं.

धडाऽऽम! आणि मग खालून, दगडी भिंतींमध्ये घुमत, एक खोल, गार, लांबलचक डुबुऽऽक!

सायली धावत आली आणि तेजस्विनीच्या कमरेला मिठी मारून रडायला लागली. ती मधे उभी असायची तिथलं भोक आता तिला दिसत होतं. तेजस्विनीने तिला घट्ट धरलं आणि इतका वेळ आवरलेलं रडू तिलाही आवरेना.

"तेजू," रुद्र कानाशी कुजबुजला, "रेकॉर्डर चालू होता?"

तिने डोळे पुसत मान हलवली. होता.

पुढच्या रविवारी समारोप पुन्हा ठरला. अंधार पडल्यावर पडद्यावर ‘उडी’ सुरू झाली. सोमनाथ रहाडीच्या काठावर उभा होता. रुद्रने ढँट्टढँ स्वतःच्या हाताने पुसून टाकलं होतं. म्युझिक नव्हतंच. लांबून लेझीम, पायाखालची धमधम आणि एका मुलाचा घाबरलेला श्वास. खुर्चीतल्या कुणी जांभई दिली नाही. उलट सगळ्यांनी आपापले श्वास धरले. आणि सोमनाथने उडी मारली तेव्हा तो खोल, गार, लांबलचक ‘डुबुऽऽक’ घुमला आणि अख्खा चौक खुर्च्यांवरून उठून टाळ्या वाजवू लागला.

"साबण नाय ना वाटला?" सोमनाथने ऐटीत विचारलं.

वत्सलाबाईंनी तिघांना पुढे बोलावून पाठ थोपटली. "माझी शिट्टी माझ्या परवानगीशिवाय वाजवणारी ही पहिलीच मुलगी," त्या म्हणाल्या, "आणि बरं झालं वाजवलीस."

पण तेजस्विनीच्या लक्षात राहिलं ते त्याच दिवशीचं, फिल्मच्या आधीचं. जाड तुळई आपल्या जागी गेली होती, वर नवी माती चोपली होती. पोरं फेटे बांधून उभी होती. बाईंनी शिट्टी ओठांना लावली, एवढ्यात पुंजाआबा प्लास्टिकच्या खुर्चीवरून उठले. पायजमा मागूनसुद्धा शुभ्र होता.

"थांबा बाई," ते म्हणाले. "आमचं सगळ्यांचं चुकलं होतं, आणि सगळ्यांत जास्त माझं. या पोरीचं मी ऐकून घेतलं नाही. आधी तिला ऐकू द्या."

साउंडवाल्याने गाणं बंद केलं. तेजस्विनीने माइक फरशीवर पालथा ठेवला, हेडफोन चढवला आणि सायलीला खूण केली. सायली एकटी मध्यावर गेली, ताईकडे बघत तिने लेझीम उचलली आणि जिवाच्या आकांताने एक उडी मारली.

छन्... धम.

तेजस्विनी वाट बघत राहिली. पुढे काही नाही. पुन्हा वाट बघितली. काहीच नाही.

तिने हेडफोन काढून गळ्यात टाकला. "चालू द्या, बाई!"